टिंब गुरुजी

टिंब गुरुजी एकटे नसतात. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, दिघोरीला (मोठी) जसे ते आहेत तसे साकोलीकडेही आहेत, पवनीकडेही आहेत. आडनाव बदलतं, अंगकाठी बदलते, मोटारसायकलचा रंग बदलतो. खिशातलं लाल पेन तेवढं बदलत नाही, आणि दोन आकड्यांच्या मधे कुठंही टिंब दिसलं की थांबून त्याची चौकशी करायची खोडही बदलत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना ते दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवतात. तसं ते परिमिती शिकवतात, सरळव्याज शिकवतात, पंधरा ऑगस्टला कवायतही घेतात. पण पोरांनी नाव ठेवायचं ते ठेवलंच.

दशांशाच्या धड्याची सुरुवात ते एकाच प्रश्नाने करतात. फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहायचं आणि विचारायचं, मोठं कोण?

‘‘पस्तीस!’’ वर्ग एका सुरात.

‘‘काहून?’’

‘‘पस्तीस मोठे हायेत ना जी चारापेक्षा!’’

हे उत्तर ऐकून नवा शिक्षक डोक्याला हात लावतो. टिंब गुरुजींना मात्र आत कुठंतरी बरं वाटतं, कारण पोरं निदान विचार करून चुकली आहेत. पहिलीपासून त्यांना शिकवलेलं असतं की जिथं अंक जास्त ती संख्या मोठी. चार वर्षं इमानेइतबारे पाळलेला हा कायदा टिंबाच्या उजवीकडे एकाएकी रद्द होतो आणि तशी नोटीस कुणालाच मिळालेली नसते. गुरुजींना खरी धास्ती वाटते ती मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांची. ते म्हणतात ०.४ मोठं. का, तर म्हणे टिंबानंतर अंक जितके जास्त तितके तुकडे बारीक, म्हणून लांबलचक अपूर्णांक नेहमी लहानच असायचा. ही मुलं ०.४ आणि ०.३५ मध्ये बरोबर ठरतात आणि ०.४ आणि ०.४५ मध्ये आपटतात. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत त्यांचे निम्मे गोळे बरोबर येतात, त्यामुळे त्यांचा आजार वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक काळ असा होता की हे सगळं शिकवायला सरकारने प्रत्येकाच्या खिशात शैक्षणिक साहित्य ठेवलं होतं. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होते आणि त्या हिशेबासाठी मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकावी लागे. नव्या पद्धतीत आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून कोष्टक ठरलं: एका आण्याचे ६, दोनाचे १२, तीन आण्यांचे १९, चारांचे २५. म्हणजे तीन आणे एकदम बदलले तर १९ नवे पैसे आणि एकेक करून बदलले तर १८. गुरुजी ही गोष्ट दरवर्षी सांगतात. तो एक नवा पैसा कुठं गेला यावर वर्गात जेवढी चर्चा होते तेवढी पुस्तकातल्या उदाहरणांवर कधी होत नाही.

पुढं पैसाच गेला. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, दुकानात ते चालवून दाखवणारा माणूस मात्र जिगरबाज असावा लागतो. आताच्या सहावीतल्या मुलाने पाच रुपये पंचवीस पैसे हा व्यवहार डोळ्यांनी पाहिलेला नाही. म्हणून गुरुजींच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना डबा असतो. त्यात पाच, दहा, वीस पैशांची ॲल्युमिनियमची हलकीफुलकी नाणी. मुलं ती उलटीपालटी करून बघतात. ‘‘दहा पैशांत काय भेटे जी?’’ गुरुजी गोळीचं नाव सांगतात. मग चर्चा गोळीवर जाते आणि तास संपतो.

डबा हरतो तिथं तांदूळ कामाला येतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरतात. नोंदवही किलोमध्ये, टिंबासकट भरायची. ती भरायचं काम गुरुजींच्याच गळ्यात असतं. त्यांनी ते वर्गाच्या गळ्यात घातलं. धाकटी ३८ आली, म्हणजे ३.८ किलो. थोरली २६ आली, म्हणजे ३.९ किलो. एकूण किती? पोरांनी टिंबाखाली टिंब मांडलं. आठ नि नऊ सतरा. तीन नि तीन सहा. उत्तर ६.१७.

‘‘बरोबर,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आता सांगा, खरे लागतात ७.७ किलो. दीड किलो तांदूळ कोण घेऊन गेला?’’

वर्गात सन्नाटा. चोरीचा आळ म्हटल्यावर गणिताला वजन आलं. कुणी मांजरावर ढकललं, कुणी काट्यावर. शेवटी एका मुलीने ८ आणि ९ ऐवजी शंभर ग्रॅमच्या सतरा पुड्या मोजल्या आणि दहा पुड्यांचा एक किलो बाजूला काढला. मुलांनी टिंब म्हणजे दोन शेतांमधला धुरा समजला होता: या बांधीतलं पाणी त्या बांधीत जायचं नाही. प्रत्यक्षात हातचा टिंब बेलाशक ओलांडतो, दहा दशांशांचा एक एकक होतो.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘टिंबाखाली टिंब’ हे घोषवाक्य महाराष्ट्रातल्या कित्येक वर्गांत चालतं. टिंब गुरुजींनीही ते भिंतीवर रंगवून घेतलेलं असतं. पण ६.१७ काढणाऱ्या मुलाने ते तंतोतंत पाळलेलंच होतं. टिंबं एका रेषेत आली की दशांशाखाली दशांश येतो, एवढाच त्याचा उपयोग. पुढचं काम स्थानिक किंमतीचं आहे, आणि ती भिंतीवर रंगवायला अवघड जाते.

वजाबाकीचं दुखणं वेगळं. ५ वजा २.७५ केलं की निम्मा वर्ग ३.७५ आणतो. पाचातून दोन गेले तीन, आणि .७५ ला वरून काही आलं नाही म्हणून ते तसंच खाली उतरलं. गुरुजी सांगतात, पाचापुढे टिंब देऊन दोन शून्यं मांडा, ५.००, मग हातचा घ्या, २.२५ येईल. हात वर होतो. ‘‘दोन शून्यं लावल्यावर पाचाचे पाचशे नाई का होत?’’ हा प्रश्न विचारणारा मुलगा गुरुजींचा लाडका. पाच रुपये आणि पाच रुपये शून्य पैसे यांत फरक काय, हे तो स्वतःच दुपारपर्यंत शोधून काढतो आणि मग सगळ्या वहीभर शून्यं लावत सुटतो.

शेजारच्या वर्गाच्या बाईंशी गुरुजींचं एरवी चांगलं आहे. मतभेद एकच: चौकोनी वहीत टिंबाला स्वतंत्र चौकट द्यायची की दोन चौकटींमधल्या रेषेवर बसवायचं? बाई म्हणतात, चौकट द्या, पोरांना दिसलं पाहिजे. गुरुजी म्हणतात, चौकट हा अंकाचा मान आहे, टिंब काही अंक नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा वाद निघाला की केंद्रप्रमुख चहा मागवतात. पोरं दोघांच्याही हाताखालून जातात, त्यामुळे पाचवीत टिंबाला घर असतं आणि सहावीत ते रस्त्यावर येतं.

इतकं करूनही गुरुजींचा खरा शत्रू शाळेबाहेर असतो. तिथं टिंबं दिसतात दशांशासारखी, वागतात आपापल्या मर्जीने. धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. एका गोलंदाजाने आधी ३.४ षटकं टाकली, मग १.५ टाकली. गुणलेखक गुरुजींचाच माजी विद्यार्थी. त्याने शिकवल्याप्रमाणे बेरीज करून ४.९ लिहिलं. मैदानावर हशा पिकला. षटक सहा चेंडूंचं. चार आणि पाच नऊ चेंडू, म्हणजे एक षटक तीन चेंडू, उत्तर ५.३. वर्गात पैकीच्या पैकी गुण देणारी बेरीज सामन्यात संघाला भांडण देऊन गेली. त्या रात्री माजी विद्यार्थ्याचे वडील गुरुजींकडे जाब विचारायला आले होते म्हणतात.

घड्याळाचंही तसंच. पावणेदहाची एसटी ९.४५ म्हणून लिहितात. ती अर्धा तास उशिरा आली तर एखादा चलाख पोरगा ती ९.७५ ला आणतो. पश्चिम महाराष्ट्रात १.३० एकर म्हणजे एक एकर तीस गुंठे, आणि एकराचे गुंठे ४०, तिथं १.३० मध्ये ०.२० मिळवले तर २.१० होतात. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतो, शंभर आरांचा एक हेक्टर, त्यामुळे ०.४० आणि ०.६५ मिळून सरळ १.०५. भावाभावांच्या वाटणीत गुरुजींना बोलावणं येतं ते याच कामासाठी. ते कागद उजेडाला धरतात, एकेक आकडा दोनदा वाचतात आणि कधी कधी क्षेत्राच्या रकान्यात एकाऐवजी दोन टिंबं बघून खुर्चीत ताठ बसतात: ०.८१.००. हेक्टर, आर आणि चौरस मीटर. दोन टिंबांची संख्या त्यांच्या लेखी गुन्हा आहे, पण महसूल खात्यासमोर गुरुजी नमतं घेतात.

त्यांच्या या रागावर उतारा म्हणजे धावपटू. पी. टी. उषा त्यांच्या वर्गात दरवर्षी धावते. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत: तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रोमानियाच्या क्रिस्तिआना कोजोकारूची ५५.४१. वजाबाकी करा. ०.०१. एवढ्याने पदक गेलं. मुलं शतांश म्हणजे किती हे टाळी वाजवून मोजायला बघतात आणि टाळीच जास्त वेळ घेते.

त्याहून रंगतो तो अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा हा गडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये धावला. केनियाच्या अब्राहम किबिवोटला लागले ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळेला ८ मिनिटं ११.२० सेकंद. गुरुजी मुद्दाम शेवटचं शून्य गाळून फळ्यावर ११.२ लिहितात आणि विचारतात, सुवर्णपदक कुणाचं? ‘‘साबळेचं!’’ वर्ग दणाणतो. दोन कुठं नि पंधरा कुठं, कमी वेळ तर साबळेलाच लागला! भारताला आयतं मिळालेलं हे सुवर्ण परत घेताना गुरुजींचा जीव तुटतो. पण शून्य जागेवर ठेवून ते वजाबाकी करायला लावतात. ०.०५. रौप्य. मुलं त्या दिवशी शून्यावर रागावून घरी जातात आणि ०.२ नि ०.१५ मध्ये बहुधा पुन्हा फसत नाहीत.

पेट्रोल पंपावर गुरुजींना ओळखतात. शंभराचं पेट्रोल भरून पोरगा म्हणतो, ‘‘लिटरभर बसलं, सर.’’ सर यंत्रावरचा आकडा वाचून दाखवतात, एकाच्या आतला, आणि एकातून तो वजा करून किती कमी बसलं तेही सांगतात. मागे उभ्या असलेल्या रांगेला या तासाची हजेरी सक्तीची असते. बाजारात भाजीवाली त्यांना बघून काटा पुसून ठेवते. घरी सौभाग्यवतींनी दुधाचा हिशेब त्यांच्याकडून काढून स्वतःकडे घेतला आहे. ‘‘अर्धा म्हनलं की अर्धा, ०.५०० कोन लिवत बसंल?’’ हा त्यांचा युक्तिवाद गुरुजींना खोडता आलेला नाही.

अलीकडे एक पालक शाळेत आले. पोराला हे कशाला शिकवता, मोबाइलमध्ये सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी वाद घातला नाही. आहाराची नोंदवही पुढं केली आणि म्हणाले, आजचा तांदूळ तुम्हीच काढा, धाकट्यांचे ३.८, थोरल्यांचे ३.९. पालकांनी ऐटीत आकडे दाबले. दुसऱ्या आकड्यातलं टिंब बोटाखाली दबलं की निसटलं कोण जाणे. ४२.८ आले. त्यांनी मोबाइल स्वयंपाकाच्या मावशींपुढं धरला.

मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. ‘‘आठाच्या आतच लागतेत रोज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बेचाळीस किलोत तं गावाची तेरवी होते, भाऊ. कोन गेलं?’’