रफीसाहेबांची परमिट रूम

मोहम्मद रफी दारूला शिवत नसत, ही माहिती मला रोह्यातल्या एका परमिट रूमच्या मालकांनी क्वार्टरचं बूच पिळता पिळता दिली.

"आणि तुम्ही त्यांच्या नावावर धंदा करता?"

"धंदा दारूचा. भक्ती रफीसाहेबांची," असं म्हणून त्यांनी शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली.

टोकियोच्या शिंजुकूत असे पाच-सहा खुर्च्यांचे, एकेका छंदाला वाहिलेले बार गल्लीबोळांत दाटलेले आहेत. रोह्यात हा एकच, आणि मोरी नाकासमोर. एका भिंतीवर ग्रामदैवत धावीर महाराज, दुसरीवर रफी. हार दोघांना सारखाच. पाटीवर नाव तिसरंच आहे, ते सांगत नाही. उगाच गर्दी व्हायची. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्यापाशी परवाना लागतो. तो इथे कुणी मागितलेला मी पाहिला नाही. 'बैजू बावरा'चं साल मात्र विचारतात. (1952. पाठ करून जा.)

जॉनी वॉकरही पीत नसत. गुरुदत्तनी नाव तेवढं व्हिस्कीचं दिलं. 'प्यासा'तलं तेलमालिशचं गाणं लागलं की मालक हटकून सांगतात : गाणारा कोरडा, पडद्यावरचा कोरडा, ओले काय ते तुम्ही.

माझ्याबरोबर पेणचा मित्र होता. गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा, हात सोन्याचा. पण कान किशोरकुमारला वाहिलेले. दुसऱ्या पेगला तो म्हणाला, "शेठ, एखादं किशोरचं होऊन जाऊ द्या."

शेजारच्या टेबलावर बोंबील तोंडाशी नेणारा हात वाटेतच थांबला. मालक मात्र शांत. "किशोर? लावतो की." आणि टीव्हीवर 'रागिणी' (1958) लावला. तंबोरा, बैठक, समोर साक्षात किशोरकुमार गातोय, ओ. पी. नय्यरांचं संगीत आणि गळा रफीचा!

मित्र पेटला. "आणि 'आराधना'चं काय?"

"त्यातही रफीसाहेबांची दोन आहेत. लावू?"

मित्राने बोंबील मागवले.

सरकारी ड्राय डे सोडून इथे एक जादा असतो : 31 जुलै. 1980 साली त्या दिवशी रफी गेले. ऐन पावसाळा, कुंडलिका फुगलेली, गिऱ्हाईक कुडकुडत दाराशी आलेलं, आणि हे गृहस्थ अर्ध्या शटराखालून आत घेऊन सगळ्यांना चहा पाजतात. फुकट. "वर्षातून एक दिवस तरी त्यांच्यासारखे राहा!" त्या दिवशी उधारीवाले झाडून हजर असतात, कारण पुण्यतिथीला वसुली निघत नाही.

पेणहून जाणार असाल तर स्वतःची गाडी काढू नका, दिवा-रोहा धरा. किशोरवाल्यांनी पेणलाच थांबावं.