दोष नेटचाच

नागपूरकडच्या खाप्यात व्हिडिओ अडकला की निदान ठरलेलं: नेट स्लो आहे. कॉम्प्युटर कोअर टू ड्युओच्या जमान्यातला, सीपीयूवर क्रोशाचं झाकण, आत हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर, बाहेर मे महिन्यातलं नागपुरी ऊन. तरी दोष नेटचाच.

खरं तर निदान सोपं आहे. गोल चक्र फिरत बसलं तर नेट. आवाज पुढे पळतोय नि वक्त्याचं तोंड मात्र उघडं ते उघडंच, तर प्रोसेसरची धाप. यूट्यूब आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी-९ नाहीतर एव्ही-१ या कोडेकमध्ये धाडतं. एक २०१३चं, दुसरं २०१८चं. २००६ साली बाजारात आलेल्या चिपमध्ये ते उलगडणारं यंत्रच नाही, म्हणून सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर. ब्राउझरला त्याऐवजी हलकं एच-२६४ घ्यायला लावा, पंख्यावर ब्रश फिरवा, क्वालिटी ४८०वर आणा. बरंचसं काम होतं.

पण ४८०? घरच्या मोठ्यांना हा अपमान वाटतो. काकाजींना १०८०च पाहिजे. मॉनिटर सतरा इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४चा. म्हणजे अख्खं १०८० त्यात मावतच नाही. हे सांगणाऱ्या पुतण्याला, "तुले काय समजते?" असं ऐकावं लागतं.

शेवटी फायबर घेतलं. आता अडकणारा व्हिडिओ शंभर एमबीपीएसने येतो.