चहाच्या मुलुखात आई

मुक्काम कोलंबो

तीर्थरूप दादांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण ऐन धांदलीत हळदीच्या कढईपाशी उभे असताना सौ. आई मात्र नातवंडांसह थंड हवा खात हिंडते आहे, या विषमतेचा खुलासा करणे क्रमप्राप्त असल्याने आमच्या नुवारा एलियाच्या प्रवासाचा अहवाल दप्तरी दाखल होण्यासाठी पाठवीत आहे.

कोलंबोहून सुटलेली गाडी भातखाचरे व नारळीच्या बागा मागे टाकीत, घाट चढताना दम खात खात नानू ओया स्थानकी पोहोचते. तेथून गाव जवळच. समुद्रसपाटीपासून सुमारे 6,100 फुटांवरील त्या गावी दिवस कलताच डोंगरावरून धुके उतरू लागले, तेव्हा आईने प्रथम पृच्छा केली ती, "कोणं पऱ्हाट्या पेटवल्या काय इथं?" अशी.

हा सारा डोंगर पूर्वी कॉफीचा होता. 1869 पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पाहता पाहता मातब्बर मळेवाले धुळीस मिळाले. परंतु जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने कँडीजवळील लूलकंदुरा मळ्यात 1867 सालीच 19 एकरांवर चहा लावून ठेवला असल्याने त्या आपत्तीतून मार्ग निघाला. एकाच पिकावर मदार ठेवू नये, हा आपला उपदेश येथे सरकारी इतिहासानेच मान्य केलेला पाहून मला धन्यता वाटली.

मळ्यात बाया पाठीवरच्या झोळीत दोन पाने व एक कोंब एवढेच खुडून टाकतात. काट्यावर वजन होताना ओलाव्याची आणि पोत्याची म्हणून तूट धरली जाते, हे आईच्या चाणाक्ष नजरेतून सुटले नाही. "हा काटेवाला तं आपल्या अडत्याचाच भाऊ दिसते," असे ती मोठ्याने बोलली. सुदैवाने त्याला मराठी येत नव्हते.

या बायांचे पूर्वज मद्रास इलाख्यातून आणलेले तमिळ मजूर. 1948 च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले गेले, 1964 साली आपले पंतप्रधान शास्त्रीजी व लंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या करारान्वये 5,25,000 माणसे भारताकडे आणि 3,00,000 लंकेकडे अशी वाटणी ठरली, आणि उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा होण्यास 2003 साल उजाडले. आपण उभी हयात तहसील कचेरीत वाटणीपत्रे पाहण्यात घालविलीत, तरी माणसांचे वाटणीपत्र आपल्याही टेबलावर कधी आले नसेल.

कारखान्यात तो पाला रात्रभर वाऱ्यावर सुकवितात, यंत्रात पिळतात, तांबूस होईतो पसरून ठेवतात आणि मग भट्टीत वाळवितात. सुमारे साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. शेवटी आम्हांपुढे दुधाविना, साखरेविना, सोनेरी रंगाचा चहा पांढऱ्याशुभ्र पेल्यांतून मांडण्यात आला. मार्गदर्शकाने त्याच्या सुगंधावर विद्वत्तापूर्ण व्याख्यान दिले. आईने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि निकाल जाहीर केला, "अव माय, हे तं चहाच्या भांड्याचं धुवण हाय!" धाकट्याने त्याचे इंग्रजी भाषांतर करण्याची जी उत्सुकता दाखविली, ती सौ.ने वेळीच चिमटा काढून आवरली.

आता खाजगी बाब. पानांच्या आकाराप्रमाणे चहाची प्रतवारी लावतात. मोठ्या पानांपासून उतरत उतरत तळाला चाळणीखाली जी बारीक भुकटी पडते, ती सर्वांत लवकर व सर्वांत कडक उतरते. आपण गेली कित्येक वर्षे बशीत ओतून, मिशा सांभाळीत, ज्या चहाची अमृताशी बरोबरी करीत आलात तो बहुधा याच तळाच्या वर्गातला. ही वार्ता मी चौकात फुटू देणार नाही.

सोबत मोठ्या पानांच्या चहाचा डबा पाठवीत आहे. उकळते पाणी ओतून चार मिनिटे झाकून ठेवावे, दूध घालू नये, असे डब्यावर लिहिले आहे. आपल्या हाती तो आले ठेचून, निम्मे दूध घालून, साय धरेपर्यंत आटणार हे मी जाणून आहे. तरी पाहुण्यांदेखत डबा तेवढा फडताळात वरच्या फळीवर, नाव दिसेल असा ठेवावा.

हळदीचा भाव कळवावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळ