संथ फाइल चालते

नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात बसून पुण्याच्या सर्व्हरवरची एक्सेल उघडायची, तर मध्ये एक चहा होतो. या सोयीविरुद्ध कुरकुर करणाऱ्यांचा आम्ही निषेध करतो.

प्रकाशाची यात चूक नाही. काचेच्या तंतूतून तो नाशिक-पुण्याचे 210 किलोमीटर जेमतेम मिलिसेकंदात कापतो. उशीर होतो तो अदबीमुळे. फाइल वाटून घेण्याचा 'एसएमबी' हा 1983 चा रिवाज मुळात एकाच इमारतीतल्या संगणकांसाठी. फाइल आहे का? आहे. उघडू का? उघडा. पहिला तुकडा घेऊ? घ्या. दुसरा? अशा शेकडो परवानग्या, आणि प्रत्येकीची पुण्याला वेगळी खेप. इतकी शिस्त मंत्रालयातही उरलेली नाही.

काही उतावळे म्हणतात, फाइलची प्रत अंबडलाच कॅशेमध्ये ठेवा, बदललेला भाग तेवढा पाठवा. म्हणजे वरिष्ठांना विचारायचंच नाही!

त्यापेक्षा 64 जीबीचा पेन ड्राइव्ह देऊन शिपायाला ठक्कर बाजारातून एसटीत बसवावं. चाकणच्या कोंडीसह सहा तास धरले तरी सेकंदाला जवळपास 24 मेगाबिट पडतात. नाशिक-पुणे रेल्वे झाली की वेग आणखी वाढेल. तोवर शिपाई निवृत्त होईल, इतकंच.

तरी परवा कॅशे बसलाच. फाइल क्षणात उघडली, फक्त वाचण्यापुरती. दुरुस्तीचं कुलूप ज्यांच्या नावावर आहे, ते साहेब सकाळीच ती उघडी टाकून गंगापूर रोडला मिसळ खायला गेलेत.