कर्ता रजेवर आहे

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडून येत नाही, सापडतो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात, आणि पदाचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम फोन येतात. मी नुकताच रिटायर होऊन साताऱ्याहून वाकडला राहायला आलो होतो. मला फोन कोण करणार? मी बसून राहिलो आणि सेक्रेटरी झालो.

तसा मी घाबरलो नव्हतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं टिपण्या लिहिलेला माणूस एका नोटीसबोर्डाला काय भिणार? पण आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटांत इंदूर आहे, कानपूर आहे, कोलकाता आहे, कोइंबतूर आहे, आणि हे सगळे प्रांत इंग्रजी नोटीसखेरीज पाण्याची टाकी धुतली जातेय हे मान्य करत नाहीत. माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि दहावीत थांबलं. मधली पाच वर्षं आम्ही ‘इज, अ‍ॅम, आर’ असं पाढ्यासारखं म्हणत काढली. पुढे नोकरीत त्याची गरज लागली नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा, मीही 1964 चा. आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीला दाराबाहेर ठेवलं होतं.

पहिली नोटीस कचऱ्याबद्दल होती. वरून कोणीतरी कोथिंबिरीच्या काड्या खाली टाकायचं, आणि त्या बरोबर तळमजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायच्या. मी लिहिलं, ‘इट इज नोटीस्ड दॅट द मेंबर इज थ्रोइंग द गार्बेज फ्रॉम द विंडो.’ आमचे गुरुजी सांगायचे, शंका आली की ‘द’ लावा. मला प्रत्येक शब्दाला शंका आली होती.

संध्याकाळी तीनशे चारवाले तावातावाने आले. ‘हू इज द मेंबर?’

म्हटलं, एनीबडी.

‘नो. यू हॅव रिटन ‘द’ मेंबर. दॅट मीन्स यू नो.’

मला काहीच माहीत नव्हतं. पण ते गेल्यावर माहीत झालं. शेजारी टेकून उभा असलेला वॉचमन म्हणाला, ‘साहेब, तुम्ही बरोबर नाव घेतलंत.’ मी नाव घेतलंच नव्हतं. ते ‘द’नं घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चारशे दोनच्या मॅडम भेटल्या. मूळच्या कोइंबतूरच्या, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून आता मुलाकडे राहायला आलेल्या. चौथा मजला येईपर्यंत त्यांनी मला जे समजावलं, ते पाच वर्षांत कोणी समजावलं नव्हतं. गोष्ट सुरू करताना तुम्ही ‘एक राजा होता’ म्हणता, तो ‘अ’. पुढे ‘तो राजा शिकारीला गेला’ म्हणता, तो ‘द’. ऐकणाऱ्याला कोण ते ठाऊक असेल तरच ‘द’. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे हे काम भुवई करते. ‘परवा ते आले होते’ असं बायको म्हणते तेव्हा ‘ते’ म्हणजे कोण, हे तिची डावी भुवई सांगते. नोटीसबोर्डावर भुवई चिकटवता येत नाही, एवढीच अडचण.

मी ‘द’ खोडून ‘अ’ केला. कचरा वाढला. ‘अ मेंबर’ म्हणजे आपण नव्हे, अशी सत्तेचाळीस फ्लॅटांची खात्री पटली, आणि तीनशे चारवाल्यांची तर सर्वांत आधी.

त्याच आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकात जाऊन ‘रेन अँड मार्टिन’चं जुनं इंग्रजी व्याकरण घेऊन आलो. आधीच्या मालकानं साठाव्या पानापर्यंत पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, पुढची पानं नव्या नोटेसारखी करकरीत. बायको म्हणाली, ‘या वयात लोक गीतेचा अध्याय पाठ करतात.’ म्हटलं, गीतेत मेंटेनन्सचं स्पेलिंग नाही. ते मला हवं होतं. ‘मेंटेन’मध्ये टी-ए-आय-एन येतं, आणि ‘मेंटेनन्स’ झालं की तेच टी-ई-एन होतं. वाटेत ‘ए-आय’ कुठे उतरतात देव जाणे. आमच्या छापील पावतीपुस्तकांवर ते उतरलेच नव्हते. चार वर्षं सगळ्यांनी चुकीच्या स्पेलिंगचे पैसे बिनतक्रार भरले होते, ही माहिती मी कमिटीपासून अजून लपवून ठेवली आहे.

शाळेत असताना मला वाटायचं, रेन अँड मार्टिन ही किराणा दुकानासारखी भागीदारी असावी. एक गल्ल्यावर, एक मापावर. आता कळलं की रेनसाहेब इंग्रजी अमदानीत इथल्याच शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि 1924 साली त्यांनी ‘बो जेस्ट’ नावाची धाडसी कादंबरी लिहिली. घरातला नीलमणी चोरीला जातो, आणि तिघे भाऊ एकामागून एक, आपणच चोर असं भासवून, फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये पळून जातात. तिथे एका गुन्ह्याला तीन कर्ते. आमच्याकडे अठ्ठेचाळीस फ्लॅट, आणि कोथिंबिरीच्या काडीला एक कर्ता मिळत नाही.

शिकवणी मॅडमच्या घरी, संध्याकाळी पाच वाजता. फी म्हणून मी त्यांना मराठी शिकवायचं ठरलं. हा सौदा मला फायद्याचा वाटला, कारण मराठी मला येतं अशी माझी साठ वर्षं समजूत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडून विचारलं, ‘मी भात खाल्ला. ओके. मी पोळी खाल्ली. ओके. तर मी पाणी प्यायलं का नाही? मी पाणी प्यायले का? खाताना भात मोठा, पिताना मी मोठी. व्हाय?’

मी फिल्टर कॉफीचा घोट घेतला. घेतला, बरं का. कॉफी प्यायलो असतो तर पुन्हा तोच प्रश्न आला असता. घरी येऊन भाच्याचं शाळेचं व्याकरण काढलं. कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग. बहुतेक क्रियापदं भूतकाळात कर्माच्या ओंजळीनं पाणी पितात. ‘पिणे’ स्वतःच्या ओंजळीनं पितं. तसंच ‘शिकणे’, तसंच ‘विसरणे’. मी पुस्तक वाचलं, पण मी धडा शिकलो. मी छत्री हरवली, पण मी छत्री विसरलो. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना ठणकावून सांगितलं, ‘इट इज एक्सेप्शन.’ त्या म्हणाल्या, ‘अ‍ॅन एक्सेप्शन.’

‘यू’चा त्रास वेगळा. एकशे एकमध्ये पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा आहेत. त्यांना ‘यू हॅव नॉट पेड’ असं लिहिताना माझा हात थरथरला. तू, तुम्ही, आपण असे तीन जिने असलेल्या घरातून मी एकदम तळमजल्याच्या खोलीत राहायला आलो होतो. मग मी जिथे तिथे ‘काइंडली’ पेरायला लागलो. एका पत्रात मॅडमनी सात मोजले. ‘तुम्ही पैसे मागताय की अंगारा देताय?’ असं काहीसं त्या तमिळमध्ये मुलाला म्हणाल्या असाव्यात, कारण तो हसून आत गेला.

पण खरी लढाई जुंपली ती पॅसिव्ह व्हॉइसवर. मला तो प्रकार पहिल्याच वाचनात इतका आवडला की रेनसाहेब आमच्या खात्यातलेच वाटले. सभेचं इतिवृत्त मी त्या एका आवाजात लिहून काढलं. ‘इट वॉज डिस्कस्ड. इट वॉज डिसायडेड. अमाउंट ऑफ रुपीज फोर्टी थाउजंड वॉज स्पेंट.’ मॅडमनी लाल पेनानं समासात प्रत्येक ओळीसमोर लिहिलं, ‘बाय हूम?’ कोणी चर्चा केली? कोणी ठरवलं? चाळीस हजार कोणी खर्च केले?

मी त्यांना समजावलं, की मॅडम, सरकारी कामात ही माहिती दिली तर फाइल पुढे सरकत नाही. आम्ही लिहायचो, ‘निर्णय घेण्यात आला.’ कोणी घेतला, हे घेणाऱ्यालाही पुढे आठवू नये, अशी त्याची रचना असते. ‘सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येत आहे’ यात कोणीतरी, कोणाच्या तरी, काहीतरी निदर्शनास आणून देतंय. पण गल्लीत फक्त पावलांचा आवाज, माणूस दिसत नाही. चौतीस वर्षं मी कर्त्याला रजेवर पाठवत होतो. अर्जित रजा संपली की किरकोळ रजा.

आणि खात्याला तरी बोल का लावा? घरात कप फुटतो. कोणी फोडत नाही, तो फुटतो. दूध उतू जातं, भाजी करपते, चावी हरवते, कोथिंबिरीच्या काड्या पडतात. आमच्या घरातल्या वस्तू फार स्वतंत्र बाण्याच्या. मॅडम म्हणाल्या, इंग्रजी मुलंही शाळेत ‘द ग्लास ब्रोक, मिस’ असंच म्हणतात; ती भाषेची सोय आहे. पण सोय केव्हा वापरायची ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. तुम्ही ती ठरवून वापरत नाही, तुम्हाला दुसरं काही येत नाही. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि दुर्दैवानं मला ते सगळंच्या सगळं समजलं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती काही न बोलता उठली आणि कपाटातून साड्यांखालचा एक डबा काढून आणला. त्यात मी 1993 साली धरणाच्या कॅम्पवरून पाठवलेली पत्रं होती. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. तिनं चष्मा लावला आणि वाचलं, ‘आपले दिनांक 12 चे पत्र प्राप्त झाले. मजकूर समजला. इकडील प्रकृती ठीक असून तिकडील कळविणे.’

‘त्या काळी असंच लिहायचे,’ मी म्हटलं.

‘एकदा तरी लिहायचं होतं, मला करमत नाही म्हणून.’

‘लिहिलं होतं.’ मला नक्की आठवत होतं. मी डबा उपसून ते पत्र शोधून काढलं आणि विजयानं तिच्यापुढे धरलं. तिनं मोठ्यानं वाचलं, ‘येथे करमणुकीची साधने अपुरी आहेत.’

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात जे काही बोलणं झालं ते कर्मणी प्रयोगात झालं. जेवण वाढण्यात आलं. दूध आणण्यात यावं, असं सुचवण्यात आलं.

आणि मग पंप झाला. म्हणजे बघा, परत तेच. पंप झाला नाही. वॉचमन सुट्टीवर होता, म्हणून वरची टाकी भरायला पंप मी सुरू केला आणि भारत-ऑस्ट्रेलिया सामना बघत बसलो. सकाळी उठलो तर जिन्यातून धबधबा, आणि खालची टाकी ठणठणीत. अठ्ठेचाळीस फ्लॅट तोंडात ब्रश धरून गॅलरीत उभे.

मी कागद घेतला. हात सरावलेला होता. ‘ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस, द पंप वॉज रिमेन्ड ऑन.’ कागद चारशे दोनला नेला. मॅडमही ब्रश घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी ‘वॉज रिमेन्ड’वर काट मारली, ‘अनअव्हॉइडेबल’खाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘रिअली?’ खाली नेहमीचं ‘बाय हूम?’

मी तिथेच भिंतीला कागद टेकवून लिहिलं, ‘आय फरगॉट टू स्विच ऑफ द पंप. आय अ‍ॅम सॉरी. अ टँकर विल कम अ‍ॅट नाइन.’ मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं. पंप कोणता ते सगळ्यांना माहीत, म्हणून ‘द’. टँकर कुठला येईल ते कोणालाच माहीत नाही, म्हणून ‘अ’. त्यांनी कोपऱ्यात लाल पेनानं बरोबरची खूण केली. शहाऐंशी सालानंतर माझ्या कागदावर ती प्रथमच होत होती. मी ती खूण झाकली जाऊ नये अशी पिन लावून कागद बोर्डावर डकवला.

खजिनदार धावत आले. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, ‘काका, त्या ‘आय’च्या जागी ‘कमिटी’ टाका. असं लिहीत नाहीत. उद्या प्रत्येकाला वाटेल आपणही लिहावं.’ तीनशे चारवाले बोर्डापुढे बराच वेळ उभे राहिले आणि कोणाशी न बोलता वर गेले. दुपारी त्यांच्या खिडकीला जाळी बसवणारा माणूस आला.

संध्याकाळी बायको म्हणाली, ‘छान लिहिलंत म्हणे. आता मराठीतही लावा. तळमजल्यावरच्या आजींना इंग्रजी येत नाही.’

म्हटलं, त्यात काय, दोन मिनिटांचं काम. इंग्रजीतलं लिहायला दहा मिनिटं लागली होती. ही तर आपली भाषा. टेबलापाशी बसलो. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. रात्रीचे साडेनऊ झाले. तिसऱ्या कागदावर पेन टेकवलं आणि ते आपसूक चालायला लागलं, ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दिनांक...’

बायकोनं हातातलं पेन काढून घेतलं.