चौघांचे महापौरपद, एकट्याचे सभागृह

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत ९० नगरसेवक, एक महापौर आणि एक आयुक्त असतात. नगरसेवक निवडून येतात, महापौर नगरसेवकांतून निवडला जातो आणि आयुक्त बदलून येतात. कारभार बदलून आलेले करतात. ही विभागणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने केलेली आहे. १९४९ साली तो मुंबई प्रांतासाठी झाला तेव्हा भिवंडीत नगरपालिका होती आणि ती पुढे अर्धशतक नगरपालिकाच राहिली. डिसेंबर २००१ मध्ये शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला, नगराध्यक्षांच्या जागी महापौर आले, मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले. रस्त्यांना दर्जावाढीचा आदेश अद्याप पोचलेला दिसत नाही. राज्याच्या वर्गवारीत ही महानगरपालिका ‘ड’ वर्गात मोडते. हा वर्ग कारभार पाहून दिलेला नाही. तसा द्यायचा असता तर वर्णमालेत पुढे बरीच अक्षरे मोकळी होती.

महापौरपदाची मुदत अडीच वर्षे. ते कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील याची सोडत मंत्रालयात निघते. त्यामुळे भिवंडीच्या महापौराबद्दलचा पहिला निर्णय भिवंडीबाहेर होतो आणि तो चिठ्ठी करते. ज्यांनी आधीच बंडी शिवून ठेवलेली असते त्यांची चिठ्ठी निघाल्यावर पंचाईत होते; पण घरात त्या प्रवर्गात बसणारे कोणी ना कोणी सापडते. पत्नी, सून, वहिनी यांचा सार्वजनिक कार्याचा ओढा अनेकदा सोडतीच्या संध्याकाळीच उघडकीस येतो.

पद मिळाल्यावर महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात, आयुक्तांकडून माहिती मागवू शकतात आणि नारळ फोडतात. स्वतःच्या सहीने एक रुपयाही खर्च करण्याचा अधिकार त्यांना नाही. मात्र शहरातला प्रत्येक खड्डा त्यांच्याच नावावर जमा असतो. राज्यातल्या नगरपरिषदांचे नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावेत की नगरसेवकांनी, यावर आलटून पालटून आलेल्या सरकारांनी कायदा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवला आहे. महानगरपालिकांच्या बाबतीत असा घोळ नाही. तिथे महापौर नगरसेवकच निवडतात, हात वर करून, आणि त्या वेळी सभेचे अध्यक्षस्थान पीठासीन अधिकारी सांभाळतो.

हात कसे वर होतात हे समजून घेण्यासाठी भिवंडीइतके चांगले उदाहरण राज्यात क्वचित मिळेल. मे २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे ४७ नगरसेवक आले. भाजपचे १९, शिवसेनेचे १२, कोणार्क विकास आघाडीचे ४, रिपब्लिकन पक्षाच्या एकतावादी गटाचे ४, समाजवादी पक्षाचे २ आणि अपक्ष २. ९० च्या सभागृहात बहुमताला ४६ लागतात, म्हणजे काँग्रेसला कोणाचीही गरज नव्हती. तरीही उपमहापौरपद शिवसेनेला देऊन दोघे एकत्र बसले. राज्यात हे दोन पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. महाविकास आघाडीचा शोध भिवंडीने मुंबईच्या अडीच वर्षे आधी लावला होता, पण पेटंट घ्यायचे राहिले. काँग्रेसचे जावेद दळवी महापौर झाले.

पहिली अडीच वर्षे सरली. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर महाविकास आघाडी सरकारचा शपथविधी झाला आणि आठवडाभरात, ५ डिसेंबरला, भिवंडीत नव्या महापौराची निवडणूक लागली. काँग्रेसचे ४७ आणि शिवसेनेचे १२ मिळून ५९ होतात, हे चौथीतला मुलगाही सांगेल. पण पालिकेत बेरजेआधी वजाबाकी करायची असते. ४७ मधून १८ गेले, उरले २९. त्यात १२ मिळवले, झाले ४१. काँग्रेसच्या रिषिका राका यांना मते पडली ४१. समोर ४९ मते घेऊन कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. त्यांच्या आघाडीचे संख्याबळ ४ होते. नव्वदात ४७ असलेला पक्ष विरोधी बाकांवर गेला आणि चौघांचा गट सत्तेत बसला. यात नियमबाह्य असे काही झाले नाही. कायदा महापौराला पडलेली मते मोजतो. त्याच्या पक्षाची माणसे किती, हे विचारत नाही.

मतदानापूर्वी गटनेता पक्षादेश काढतो. तो प्रत्येकाच्या हाती पडला याची पोच घ्यावी लागते, कारण निवडणुकीच्या आठवड्यात नगरसेवक घरी सापडतीलच असे नसते. हवापालटासाठी त्यांना बाहेरगावी जावे लागते, तेही जथ्याने, एकाच हॉटेलात. पक्षादेश मोडणाऱ्यांसाठी १९८६ चा अनर्हता अधिनियम आहे. त्याखाली अर्ज होतो, वकील उभे राहतात, तारखा पडतात. एकीकडे सुनावणी पुढे सरकते, दुसरीकडे नगरसेवकाची पाच वर्षे. या शर्यतीत बहुधा पाच वर्षे आधी पोचतात. भिवंडीच्या अठरांनी वर्षभराने, डिसेंबर २०२० मध्ये, राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. राष्ट्रवादी तेव्हा राज्यात काँग्रेसचा मित्रपक्ष होता. म्हणजे ते ज्या पक्षातून गेले त्याच्या शेजारच्याच खोलीत परतले, आणि मधली भिंत त्या वेळी आघाडीने पाडलेली होती.

महापौर ठरला की सभागृह कामाला लागते. महिन्याची सर्वसाधारण सभा २० तारखेच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका आधी घरपोच होते, जेणेकरून सदस्यांना ती न वाचण्यास पुरेसा वेळ मिळावा. पत्रिकेवरच्या विषयांवर चर्चा होते, आवाज चढतात, कोणीतरी राजदंडाकडे धावतो. पत्रिकेवर नसलेले विषय मात्र शेवटी, माणसे चहाला उठली की, शांततेत मंजूर होतात. त्यांना ‘ऐनवेळचे विषय’ म्हणतात. सभागृहातले सर्वात तयारीचे काम हेच असते. ऐनवेळ कधी येणार हे सूचक आणि अनुमोदकाला आठवडाभर आधी ठाऊक असते. त्यातूनही एखादा ठराव राज्य शासनाला रुचला नाही, तर कलम ४५१ खाली तो आधी निलंबित आणि मग विखंडित होतो. नगरसेवक लोकांना उत्तरदायी असतात आणि ठराव मंत्रालयाला.

चर्चेचा जोर आणि अधिकाराची व्याप्ती यांचे प्रमाण भिवंडीत व्यस्त आहे. सर्वाधिक भांडण विजेवर होते. शहरातली वीज जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवरकडे आहे. वितरण कंपनीने नेमलेला देशातला हा पहिला मोठा फ्रँचायझी प्रयोग. लाखोंनी यंत्रमाग चालणाऱ्या गावात वीजबिलाचा विषय निघाला की एकही नगरसेवक गप्प बसत नाही, आणि एकाही नगरसेवकाला त्यात काही करता येत नाही. पाण्याचेही तसेच. काही पाणी स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून येते, जिथे ठाणे, मीरा-भाईंदर आणि ठाणे जिल्हा परिषद हे भिवंडीचे भागीदार आहेत. काही मुंबई महानगरपालिका देते. भिवंडीचे स्वतःचे म्हणावे असे पाणी वऱ्हाळ तलावाचे, आणि त्याच्या काठावर देवीही आहे, त्यामुळे तो भाग बराचसा तिच्या भरवशावर चालतो. उड्डाणपूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण बांधते, वाड्याकडे जाणारा रस्ता राज्याचा. गोदामांनी भिवंडीचे नाव देशभर केले, पण काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, वळ ही गोदामांची गावे ग्रामपंचायतींत मोडतात. कंटेनर शहराच्या चौकात अडकतो आणि त्याच्या मालावरचा कर हद्दीबाहेर जमा होतो. अडकण्याचा मान तेवढा महानगरपालिकेचा.

जे खरोखर हातात आहे ते स्थायी समितीत होते. तिथे १६ सदस्य असतात आणि बड्या खर्चाच्या निविदांना मंजुरी तिथेच मिळते. निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी निवृत्त व्हायचे हे चिठ्ठीने ठरते. महापौरपदापेक्षा या समितीच्या सभापतिपदासाठी चुरस जास्त का, असा प्रश्न बाहेरून आलेले पत्रकार विचारतात. गावातले विचारत नाहीत. निविदेलाही पर्याय आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत, पाचव्या प्रकरणात, तातडीच्या वेळी निविदा न मागवता काम देण्याची तरतूद असून पालिकेच्या बोलीत तिचे नाव ‘पाच-दोन-दोन’. पावसाळा जूनमध्ये येतो ही बाब मेअखेरीस अचानक ध्यानात आली आणि नाले तुंबलेले आढळले, तर हे कलम उपयोगी पडते.

मालमत्ता कराच्या वसुलीत कायद्याने थकबाकीवर व्याज लावले आहे. हे व्याज फुगत जाते आणि ठरावीक काळाने अभय योजना जाहीर होऊन माफ होते. शहाणा थकबाकीदार म्हणून पहिल्या नोटिशीला पैसे भरत नाही, तो अभयाची वाट पाहतो. वेळेवर भरणाऱ्याला मात्र कसलेच अभय नसते. पालिकेत जकात होती तेव्हा नाक्यावर रोकड यायची. ती जाऊन स्थानिक संस्था कर आला, तो जाऊन वस्तू व सेवा कराची भरपाई आली. आता महिन्याच्या पगाराची तारीख शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते.

नोटिशीचा दुसरा प्रकार इमारतींचा. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, भिंतीवर कागद लागतो, नळ तोडण्याचा इशारा दिला जातो. राहणारे जात नाहीत, कारण जायला जागा नाही. आणि नोटीस देणारे पुढे काही करत नाहीत, कारण नोटीस दिलेली आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि ३८ माणसे मेली. त्यानंतर निलंबन झाले, चौकशी झाली, पुढल्या पावसाळ्यापूर्वी यादी निघाली. या परिच्छेदात विनोदाला जागा नाही. पालिकेच्या फायलीत त्याला जागा कशी निघाली, एवढीच नोंद करावी लागते.

आता आयुक्तांकडे. ते राज्य शासन नेमते, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. कायद्यातली ही कमाल मर्यादा भिवंडीत गाठणे अवघड समजले जाते. आयुक्त नको झाले तर सभागृहाला त्यांना परत पाठवता येते. त्यासाठी एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मते लागतात. भिवंडीत हा आकडा येतो ५७. महापौर व्हायला ४६ पुरतात, आयुक्त घालवायला ५७ लागतात, यावरून दोघांपैकी कोणते पद वजनदार हे कळावे. मंत्रालयात हेच काम एका सहीत होते.

नगरसेवकांशिवाय महानगरपालिका चालेल का, या प्रश्नाचा प्रयोगही भिवंडीने करून पाहिला. ८ जून २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभाग तीनचे की चारचे यावर शासनाचे मत बदलते, त्यामुळे निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रशासकाच्या अंगी सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि उरलेल्या सगळ्या समित्या एकाच वेळी संचारतात. आयुक्त म्हणून ते प्रस्ताव तयार करतात, स्थायी समिती म्हणून त्याची छाननी करतात, सर्वसाधारण सभा म्हणून त्याला एकमताने मंजुरी देतात आणि आयुक्त म्हणून पुन्हा तो स्वतःकडे अंमलबजावणीसाठी येतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होण्याचा प्रश्न नाही. विरोधी पक्षनेता नाही, सभात्याग नाही, ऐनवेळचे विषयही नाहीत, कारण सगळी वेळ ऐनवेळच. साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहर असे चालले. खड्डे पूर्वीइतकेच होते, पाणी पूर्वीइतकेच येत होते. माजी नगरसेवकांना हे सांगून पाहिले तर ते म्हणतात, बघा, आम्ही नसल्यामुळे शहराचे हाल झाले. प्रशासनातले लोक म्हणतात, बघा, ते नसूनही शहर चालले. दोघे एकाच खड्ड्याकडे बोट दाखवतात.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या इतर २८ महानगरपालिकांसोबत भिवंडीतही मतदान झाले. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते द्यावी लागतात. पुढे गटार तुंबले की चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांचा पत्ता देतो. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. काँग्रेस ३० वर थांबली, भाजप २२ वर, ४६ कोणालाच गाठता आले नाहीत. कोणार्क विकास आघाडीचे पुन्हा चारच निवडून आले, पण २०१९ पासून भिवंडीत चार या संख्येकडे कोणी हसून पाहत नाही. गटांची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे होते. नोंदणीचा कागद पक्का असतो; त्यावर सह्या करणाऱ्यांबद्दल कायदा तेवढा ठाम नाही.

शेवटचा प्रकार स्वीकृत सदस्यांचा. सदस्यसंख्येच्या दहा टक्के किंवा दहा, यांतली जी कमी असेल तेवढे सदस्य निवडणुकीविना घेता येतात. भिवंडीत ते नऊ होतात. त्यांना बोलता येते, मत देता येत नाही. डॉक्टर, वकील, अभियंते, लेखापाल अशा जाणकारांना निवडणुकीच्या धकाधकीशिवाय सभागृहात बसता यावे, पालिका प्रशासनाचा अनुभव असलेल्यांचा शहराला लाभ व्हावा, हा हेतू. प्रत्यक्षात अर्ज बहुतेक समाजसेवकांचे येतात, आणि त्यांतले बरेच जण नुकतेच प्रभागातून पडलेले असतात. निवडणूक हरण्याचा अनुभव हा पालिका प्रशासनाचा अनुभव धरावा की नाही, याबाबत अधिनियमात स्पष्टता नाही; व्यवहारात आहे.