डीजीवर कोण कोण?

लाईट गेल्यापासून डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, लाईट येईपर्यंत आमच्या पुण्यातल्या कमर्शियल इमारतीत साधारण १० सेकंद जातात. ते कुठे जातात हे पॅनेलवाल्याने मला एकदा समजावून सांगितलं. आधी दोन-चार सेकंद पॅनेल नुसतं वाट बघतं. वीज खरंच गेली आहे की नुसती डोळा मारून गेली, याची खात्री करून घेतं. मग इंजिनाला सेल्फ मारतं. इंजिन १५०० आरपीएमवर स्थिरावलं, व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ जमले, की चेंजओव्हर. सेल्फ तीनदा मारूनही इंजिन उठलं नाही, तर ‘स्टार्ट फेल’ असं दाखवून पॅनेल गप्प बसतं. चौथ्यांदा विनवणी करत नाही. एवढा स्वाभिमान आमच्या इमारतीत दुसऱ्या कोणाकडे नाही.

त्या १० सेकंदांत दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांचा पेशंट आ वासून अंधाराकडे बघत असतो. सीएसाहेबांच्या ऑफिसातून “सेव्ह केलं होतंस ना रे?” असा आर्त स्वर येतो. लिफ्टमध्ये अडकलेले लोक आयुष्यात प्रथमच एकमेकांना नाव विचारतात.

डीजी १२५ केव्हीएचा, म्हणजे कामाला जेमतेम १०० किलोवॅट. तो घेतला तेव्हा मी कमिटीवर होतो. (कमिटीवर कोण असतं? मीटिंगला उशिरा येतो तो.) कन्सल्टंटने प्रत्येक गाळ्याला फॉर्म वाटला : डीजीवर काय काय चालवणार? खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘वर्गणी लोडच्या प्रमाणात.’ ती ओळ सगळ्यांनी चष्मा लावून वाचली असावी. कारण फॉर्म परत आले तेव्हा अख्खी इमारत संन्याशांची झाली होती. बहुतेकांकडे दोन ट्यूब आणि एक पंखा. क्लासवाल्या सरांच्या मते मुलं घामातच चांगली शिकतात. बुटीकवाल्या ताईंची इस्त्री ‘क्वचित’. जिमवाल्याने तर ट्रेडमिलपुढे ‘पायाने चालते’ असं लिहून सही केली. बेरीज इतकी कमी आली की तेवढ्यासाठी डीजी नको, कंदील पुरले असते. पण कन्सल्टंट मुरलेला होता. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि १२५ केव्हीए सांगून मोकळा झाला.

डीजी बसला, नारळ फुटला आणि संन्याशांनी भराभर संसार थाटला. एसटीत चढताना ‘एवढं एकच बोचकं’ म्हणतात, तसं प्रत्येकाने एवढं एकच काहीतरी डीजीच्या लाईनीवर चढवलं. मग मे महिन्यातला एक गुरुवार उजाडला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इथे जन्मलेल्या मांजरालाही ठाऊक असतं. दुपारी दोनला डीजी गुरगुरला, गहिवरला आणि ब्रेकर पडला. उचलला, पुन्हा पडला.

इलेक्ट्रिशियन करंट मोजायचा टाँग टेस्टर घेऊन मजले चढू लागला, मागून आम्ही कमिटीवाले, धाड टाकल्यासारखे. संन्यासाचा एकेक पुरावा सापडत गेला. सरांच्या वर्गात दीड टनाचे दोन एसी. सीएसाहेबांकडे इंडक्शन, त्यावर मॅगी. क्वचितची इस्त्री स्टीमची निघाली, आणि तिला एक धाकटी बहीणही होती. तळमजल्यावर एका वायरीने सगळ्यांना कोड्यात टाकलं. ती भिंतीतून बाहेर पडून, झाडाला वळसा घालून शेजारच्या ज्यूस सेंटरच्या डीप फ्रीजरला जाऊन मिळाली होती. ज्यूसवाला आमचा सभासदसुद्धा नव्हता. मात्र ‘तुमचा जनरेटर एक नंबर आहे साहेब,’ असं त्याचं प्रामाणिक मत होतं. असणारच. एक लिटर डिझेलला तीन-साडेतीन युनिटं निघतात, म्हणजे नुसत्या डिझेलचाच खर्च युनिटमागे पंचवीस-तीस रुपये. त्याचं कलिंगड आमच्या वर्गणीवर गार होत होतं.

हे झालं वर्षातल्या चार गुरुवारांचं. एरवी डीजीची तक्रार उलटी असते : काम नाही. आमचे ऑपरेटर मामा तेव्हा दर शनिवारी तो १० मिनिटं रिकामाच फिरवत आणि लॉगबुकात ‘ओके’ लिहीत. लॉगबुक मी चाळलं आहे. सगळे ‘ओके’ एकाच पेनाचे, एकाच दमाचे. पुढच्या शनिवारचाही ‘ओके’ लिहून तयार होता. विचारलं तर मामा म्हणाले, “चालणारच आहे की. आपल्या मशिनवर विश्वास नाही का, साहेब?”

विश्वास होता, पण सायलेन्सरच्या जोडातून काळं, चिकट तेल गळायला लागलं. सर्व्हिसवाला मुलगा आला, बोटाने ते पुसून बघितलं आणि म्हणाला, “वेट स्टॅकिंग. याला बसून बसून झालंय हे.” ३० टक्क्यांहून कमी लोडवर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल धड जळत नाही आणि काजळी घेऊन एक्झॉस्टमध्ये साचतं. म्हणजे मामा दर शनिवारी मन लावून डीजी बिघडवत होते. अमेरिकेत आणीबाणीच्या जनरेटरसाठी एनएफपीए ११० हे मानक आहे. त्यातही महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान ३० टक्के लोडवर चालवा, असंच सांगितलंय.

याच पुण्यात २००६ मध्ये भारनियमन टाळायला कारखान्यांनी पीकच्या वेळी आपापले जनरेटर चालवले होते आणि जादा खर्च शहराने बिलातून सोसला होता. तेव्हाचे जनरेटर दमत, आताचे कुजतात. आणि मग १२ ऑक्टोबर २०२० सारखी सकाळ येते. त्या दिवशी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. अशा वेळी लॉगबुकातल्या ‘ओके’वर इंजिन सुरू होत नाही. बॅटरीवर होतं, आणि ती बहुधा कोणी तपासलेली नसते.

दसऱ्याला मात्र हयगय नाही. खंडेनवमीला कॅनोपीला झेंडूची माळ, रेडिएटरला हळदकुंकू, डिझेलच्या ९९० लिटरच्या टाकीवर स्वस्तिक. टाकी ९९० चीच, कारण हजाराच्या वर गेलं की परवान्याचा प्रश्न येतो. कायद्याचा एवढा मान आमच्या इमारतीत दुसरीकडे कुठे राखलेला मला आढळला नाही.

आता आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मेन स्विच पाडून अख्खी इमारत अर्धा तास डीजीवर टाकतात. एसी चालू ठेवायची त्या दिवशी सगळ्यांना मुभा, नव्हे सक्ती आहे. तुमच्या इमारतीच्या मागेही अशी एक हिरवी पेटी उभी असेल. उद्या जाता जाता मामांना विचारा, शेवटचा लोडवर कधी चालवला होता? त्यांनी लॉगबुक पुढे केलं, तर आधी बॅटरीचं पाणी बघा.